झाहारीची सुधारणा

झाहारीला पुरून आठवडा झाला होता आणि त्याचं समुपदेशन अजून चालूच होतं.

तिहोमिरने खुर्ची ओढली, कानात इयरफोन घातले आणि लॅपटॉप उघडला. आज सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं : बाई, मी झाहारी नाही, आणि झाहारी आता नाही. सोपं होतं. आरशासमोर तर फारच सोपं होतं.

विद्यापीठाचा नियम साधा होता. वसतिगृहाच्या जिन्यात पिऊन पडलेला सापडलात, तर खोली टिकवायला पडद्यावरून समुपदेशन घ्यायचं. समुपदेशक कोलेवाबाई समुद्राकाठी वार्नात बसत, मुलं सोफियात पीत. झाहारी जिन्यात सापडला. पण बैठका सकाळी असत आणि तेव्हा त्याला स्वतःचं नाव आठवायलाच कष्ट पडत, म्हणून त्याने खोलीतल्या जोडीदाराला, तिहोमिरला, आपल्या जागी बसवलं. तिहोमिर पीत नसे. झाहारीच्या नावाने खेळाच्या तासाची हजेरीही तोच लावी. ही त्यातलीच एक. मोबदला म्हणून झाहारीच्या आईने गावाहून पाठवलेली मिरच्यांची चटणी, दर बैठकीला एक बरणी.

"तूच बोल रे. तुला सभ्य बोलता येतं," झाहारी म्हणाला होता. "फक्त मला फार वाईट दाखवू नकोस. उगाच माझं नाव खराब व्हायचं."

तिहोमिरने मन लावून काम केलं. एकदम सुधारला तर संशय येईल, म्हणून त्याने झाहारीला बेताबेताने सुधारलं. आधी घरची राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, सुटली. मग बिअर फक्त शनिवारी. मग शनिवारी तो चक्क आजीकडे जाऊ लागला. पडद्यावरचा झाहारी माणसात येत होता. खरा मागच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून कालची उतरवत पडलेला असे. बाईंनी सांगितलेलं तिहोमिरने त्याला एकदाच सांगून पाहिलं, तेही बाईंच्या आवाजाची नक्कल करत. दोघं पोट धरून हसले.

मग एका रात्री बारमधून येताना झाहारी वाटेतल्या बाकावर जरा टेकला. बर्फ पडत होता, आणि तो उठलाच नाही.

रिवाजाप्रमाणे खोलीच्या दारावर फोटोसकट निधनपत्रक लागलं. पण ते दाराला बाहेरून लागतं आणि लॅपटॉपचा कॅमेरा आतून बघतो. विद्यापीठानेही बाईंना कळवलं नाही. यादीतून नाव कमी करायला अर्ज लागतो, आणि तो विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो.

पडद्यावर कोलेवाबाई आल्या. खांद्यावर शाल, हातात चहा.

"आज आपलं शेवटचं," त्या म्हणाल्या. "आज तरी ते कानातलं काढ बघू."

हे त्या दर वेळी म्हणत.

"नीट ऐकू येतंय, बाई."

"तुला येतंय रे. त्याला कुठे येतंय?"

तिहोमिरने मागे पलंगाकडे बघितलं.

"तू कोण आहेस, मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पण पिणारा नाहीस. पिणाऱ्याला किती घेतलीस म्हटलं की तो आधी माझ्यावर खेकसतो. तू उत्तर देतोस आणि वर आभार मानतोस. आणि तुझ्या मागे तो पाय दिसायचा. पलंगाबाहेर आलेला, फाटका मोजा घातलेला. इतके दिवस मी त्या पायाशीच बोलतेय. म्हटलं, कधीतरी तू कानातलं काढशील."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू पुन्हा आला असतास? तू नाही तर कॅमेरा नाही. कॅमेरा नाही तर पायही नाही." त्यांनी डोळे बारीक केले. पलंगाचा तेवढा एक कोपराच त्यांना दिसत असे. "आज दिसत नाही तो. उठलाय वाटतं."

"बाई, तो..."

"त्याच्या वतीने पुष्कळ बोललास. आज मला बोलू दे. काढ ते."

तिहोमिरने वायर उपटली. बाईंचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच शिरला. कानात वाटायचा त्यापेक्षा बराच म्हातारा होता. पलंगावर ब्लँकेटची घडी होती. वसतिगृहाचा माणूस ती न्यायला अजून आला नव्हता.

"झाहारी, बाळा, ऐकतोयस ना? तोंड राहू दे भिंतीकडे, मला चालेल. दारू सोड असं मी म्हणत नाही. ती तुझ्या मित्राने तुझ्यासाठी केव्हाच सोडलीय. माझं एकच ऐक. थंडी फार आहे. आज बाहेर जाऊ नकोस."

बाई थांबल्या. त्यांना फक्त तिहोमिरची पाठ दिसत होती. तो पलंगाकडे वळून बसला होता. खोलीतला रेडिएटर टकटक करत होता.

"काय म्हणतो?" त्यांनी हलकेच विचारलं. "जाणार आहे का?"

"नाही," तिहोमिर म्हणाला.

झाहारीच्या वतीने त्याने बाईंना दिलेलं हे पहिलंच खरं उत्तर होतं.