काठोकाठ

कोचकोर गावातल्या त्यांच्या पाहुणघराची वेबसाइट आयपेरीने मन लावून केली होती. वर अंगणातल्या तंबूचा एकच फोटो, खाली दोन ओळी, खोली ठरवायचं बटण आणि भोवती ऐसपैस पांढरी जागा.

तिच्या सासूबाई बुरुलचा, म्हणजे घरच्या 'अपा', यांनी ती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, पाहुण्यासमोर दस्तरखान अंथरायचा आणि नुसतं कापड दाखवायचं? बोटभर कापड मोकळं दिसलं तरी गावभर नावं ठेवतात! भर सगळं."

आयपेरीने भरलं. घोडे आले, गालिचे आले, तळलेल्या बोरसोकची परात आली, जर्दाळूचा मुरंबा आला, सासऱ्यांची पदकंसुद्धा आली. बटण बिचारं मुरंब्याखाली कुठेतरी दडपलं. उन्हाळा सरत आला, तरी खोल्या रिकाम्याच.

एका दुपारी चहा ओतताना तिने अपांचा प्याला काठोकाठ भरून पुढे ठेवला.

अपांचा हात हवेतच थांबला. "माणूस बसून राहावा असं वाटलं की प्याला अर्धाच भरतात. असा भरलेला प्याला म्हणजे 'प्या आणि चालायला लागा'! मला घालवतेस होय गं?"

"तुम्हाला नाही, अपा," आयपेरीने वेबसाइट उघडून फोन त्यांच्यासमोर धरला, "पाहुण्यांना घालवतोय आपण."

अपांनी पडद्यावर बोट फिरवत बटण शोधलं, ते सापडेना. मग आपला अर्धा चहा त्यांनी सुनेच्या प्याल्यात ओतला.

"काढ सगळं," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या पदकांपासून सुरुवात कर."