तपासणीचे पाहुणे

"लेणी काय, बघू नंतर कधीतरी," असं पाहुणे म्हणाले, तेव्हाच सुलेखाबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

वेरूळच्या इतक्या जवळ येऊन मुक्काम करायचा आणि लेणी बघायची नाहीत? तेही बुधवारी, आडवारी. गाडीत ना लेकरं, ना कॅमेरा. नवरा-बायको दोघंच. राजेंद्र आणि दीपमाला, पैठणकडचे, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

आसपासच्या चौदा गावांनी मिळून पर्यटनाचा गट केला होता. कुणी बैलगाडीतून रान दाखवायचं, कुणी हुरडा खाऊ घालायचा, कुणी राहायला खोली द्यायची. सुलेखाबाईंच्या शिवराजनं त्यापायी वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि मळ्यात दोन खोल्या बांधल्या. गटातून नाव कटलं, की पोरगं पुन्हा कारखान्यात जाणार आणि मळा ओस पडणार, हे सुलेखाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

आणि नाव कटण्याजोगी एक गोष्ट त्यांनी करून ठेवली होती.

गटाचा नियम असा, की मुक्कामाच्या घरात निदान दोन बायका हव्यात. सुलेखाबाईंचे यजमान वारलेले. घरात मायलेक दोघंच. शहागंजात कापडाचं दुकान चालवता चालवता लग्नं जुळवणाऱ्या कारभाऱ्यांनी शिवराजसाठी पाच स्थळं सुचवली होती, पण नवरा शेती करतो म्हटलं की पोरीकडचे नाक मुरडायचे. शेवटी अर्जावर सुलेखाबाईंनी दुसरं नाव ठोकून दिलं. तनुजा, सून. तनुजा खरी शेजारच्या सत्यमची बायको.

गेल्याच आठवड्यात पलीकडच्या गावच्या गीताबाईंचा फोन आला होता. "सावध राहा गं बाई. माझ्याकडं गटाचे तपासणीवाले पाहुणे बनून आले. चांगलं जोडपं! पोटभर जेवले, न्हाणीघराची दारं उघडून बघितली, गोड गोड बोलले. कोण होते ते गेल्यावर कळलं."

दीपमालाबाईंनी आल्या आल्या न्हाणीघराचं दार उघडलं. मग त्या स्वयंपाकघरात डोकावल्या.

"चुलीवरच करता का वो सगळं?"

"गॅस बी हाय की. पाहुण्यांना चुलीवरची भाकर लागती, म्हणून चूल."

"धूर लई होत आसंल."

"नाय नाय. वर धुराडं काढलंय."

राजेंद्ररावांचं ओसरीवर निराळंच चाललं होतं. रान किती? विहिरीला पाणी कुठवर टिकतं? भाऊबंदांत वाटणी झालीय का? सुलेखाबाईंनी मनाशी जुळवलं, खोल्यांच्या जागेवर वाद नको म्हणून विचारत असतील. बरोबरच आहे.

"पाहुण्यांना फिरवायला गाडी कोण चालवतं?"

"शिवराज."

"पिऊन-बिऊन नाय ना?"

"सुपारीचं खांड तोंडात टाकत नाय माझं पोरगं!"

शिवराज आगटीपाशी बसून कणसं भाजत होता. गरम कणीस तळहातावर चोळून त्यानं हुरडा दीपमालाबाईंच्या ताटलीत ओतला, शेजारी लसणाची चटणी ठेवली. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मधेच त्यांनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. सुलेखाबाईंनी ते पाहिलं.

"घरात बाईमाणूस तुम्ही एकट्याच का?" दीपमालाबाईंनी विचारलं.

आलाच तो प्रश्न.

"नाय तर! सून हाय की. शेजारी गेलीय हळदीकुंकवाला. बोलावते."

मागच्या दारी जाऊन त्यांनी हळू आवाजात फोन लावला. तनुजाला अर्जाची गोष्ट माहीत होती. ती फोनवरच खुदकन हसली. "काकू, आमच्या सासूबाईंना काय सांगू?"

"सांग, घडीभर सासू बदलली."

"मग कायमचीच बदलते. आमची लई खाष्ट हाय!"

पाचव्या मिनिटाला तनुजा डोक्यावर पदर घेऊन पाण्याचे ग्लास घेऊन आली.

"ही आमची सून, तनुजा."

शिवराजचा हात थबकला. आईनं डोळे वटारले, तसा तो मान खाली घालून निखारे सारू लागला.

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "सून म्हंजे... ह्यांची?" राजेंद्ररावांनी शिवराजकडं बोट केलं.

"मग! एकुलता एक हाय माझा."

"किती वर्षं झाली लग्नाला?"

"दोन," सुलेखाबाई म्हणाल्या.

"तीन," तनुजा म्हणाली.

मग तनुजाच हसली. "तिसरं चालू हाय. दोघी बी खऱ्या!"

त्यानंतर प्रश्न संपले. रान नाही, विहीर नाही, काही नाही. राजेंद्रराव आगटीकडं बघत बसले. दीपमालाबाईंनी ताटली बाजूला सारली. सुलेखाबाईंचा जीव मात्र भांड्यात पडला. जे बघायला आले होते ते बघून झालं होतं.

मुक्काम दोन दिवसांचा ठरला होता, पण चार वाजताच राजेंद्रराव तातडीचं काम निघालं म्हणाले. जाताना दीपमालाबाईंनी तनुजाच्या पाठीवर हात ठेवला. "नशीब काढलंस पोरी. जप ह्या घराला." त्यांचा आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला.

गाडी वळणापलीकडं गेली, तशा सुलेखाबाईंनी दोन्ही हात जोडले. "पास झालो रे आपण!"

"खोटं बोलून, आई," शिवराज पुटपुटला.

"येईल की खरी बी. आधी घर तर टिकू दे."

दिवेलागणीला फोन वाजला. शहागंजातून कारभारी बोलत होते, आणि चांगलेच तापलेले होते.

"वहिनी, माझी लाज घालवली तुम्ही! ते पैठणचे राजेंद्रराव आत्ता दुकानात येऊन मला नाय नाय ते बोलून गेले. त्यांच्या लेकीला, चारुताला, शेतीच करणारा नवरा पायजे. मीच म्हणलं होतं, आधी न सांगता जा, पाहुणे म्हणून राहा, घर बघा. घर आवडलं, पोरगा तर लईच आवडला. आता मला एवढंच सांगा, शिवराजचं लग्न तुम्ही उरकलं कधी?"