नुसतं ‘हं’

“आजी, हे दातांत धरायचं. गिळायचं नाही, चावायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही,” सिस्टर म्हणाली.

तोंडात प्लास्टिकचं कडं बसण्याआधी आईने लेकीकडे पाहिलं. “ऐकलंस? बोलायचं नाही म्हणे. तुला बरंच झालं.”

लेक हसली. डाव्या कुशीवर वळलेल्या आईचा हात तिने हातात घेतला. झोपेचं औषध शिरेतून गेलं आणि मिनिटाभरात आईची बोटं सैल पडली. पेशंट झोपला की नातेवाइकाने बाहेर जायचं, असा तिथला नियम होता. सिस्टरला वाटलं, टेक्निशियन सांगेल. टेक्निशियनला वाटलं, सिस्टरने सांगितलं असेल. लेक भिंतीला टेकून उभी राहिली.

टेक्निशियनने दिवे मालवले. डॉक्टरांनी आईच्या घशातून काळी नळी आत सरकवली आणि समोरच्या पडद्यावर ओला, गुलाबी बोगदा उजळला. सकाळपासूनचा हा नववा पेशंट. तिघांचे हात एकमेकांना न विचारता चालत होते.

आईला उमासा आला. खांदे वर झाले.

“सर, हलतायत. अजून एक देऊ?” सिस्टरने विचारलं.

डॉक्टर पडद्याकडे झुकले होते. पोटाच्या वळणावर एक लालसर चट्टा दिसत होता.

“हं,” ते म्हणाले.

सिस्टरने सिरिंजचा दट्ट्या एक रेघ पुढे सारला.

लेकीच्या कपाळाला आठी पडली. हे ‘हं’ तिच्या ओळखीचं होतं. आईकडे नाना तऱ्हेची होती. एक होकाराचं, एक ‘पुढे बोल’चं, एक ‘आता पुरे’चं. आणि एक कशाचंच नसलेलं, डोळे टीव्हीत असताना आपोआप निघणारं. त्याला होकार समजून लेकीने एकदा गॅलरीतली वाळकी कुंडी फेकून दिली होती. आई आठवडाभर ऐकवत होती, “मी हो म्हटलं होतं का? नुसतं हं म्हटलं होतं.”

डॉक्टरांनी पडद्याला हं म्हटलं होतं, सिस्टरला नाही. लेकीने तोंड उघडलं. मग मिटलं. ही रोज हेच करणारी माणसं. आपण कोण यांना सांगणार?

“तपासणीला तुकडा घेऊ या,” डॉक्टर म्हणाले. टेक्निशियनने नळीतून लांब तारेचा चिमटा आत घातला. “उघड. थोडं पुढे. बंद.”

आई पुन्हा उसळली.

“सर, अजून एक?”

“हं... हं.” चट्ट्याची कड सापडली होती.

दट्ट्या अजून एक रेघ पुढे गेला.

कोपऱ्यातल्या मॉनिटरवर ऑक्सिजनचा निळा आकडा चौऱ्याण्णव होता. एक्याण्णव झाला. मग अठ्ठ्याऐंशी. यंत्र टुकटुकायला लागलं. टेक्निशियनने मोकळ्या हाताने आईच्या बोटावरची क्लिप दाबून बसवली. “सरकली असेल. आज सकाळपासून हिचं हेच चाललंय.”

ब्याऐंशी.

“सर, ऑक्सिजन जरा...” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“हं.”

हे ‘आता पुरे’चं होतं. टेक्निशियन पुन्हा चिमट्याकडे वळला.

लेक आईच्या छातीकडे पाहत होती. चादरीवरची घडी मघापासून जागची हलली नव्हती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “आई श्वास घेत नाहीये.”

तिघांनी एकदम वळून पाहिलं.

“यांना आत कुणी ठेवलं?” डॉक्टर म्हणाले.

“मला वाटलं, हा सांगेल...”

“मला वाटलं, सिस्टरनी...”

तेवढ्यात डॉक्टरांना आकडा दिसला. “किती दिलं?”

“वरचे दोन, सर.”

“वरचे दोन? कुणी सांगितलं?”

“तुम्हीच हं म्हणालात.”

“मी? कधी?”

नळी सरसर बाहेर आली, दिवे लागले. डॉक्टरांनी आईला उताणं करून हनुवटी वर उचलून धरली. टेक्निशियनने तोंडावर मास्क दाबला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा पिळायला घेतला.

“आजी! श्वास घ्या! मोठा श्वास!”

“सर, औषधाचा उतारा देऊ?” सिस्टरने विचारलं.

“हं.”

सिस्टरचा हात थांबला. “हो की नाही, सर?”

डॉक्टरांनी त्या सकाळी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “हो. द्या. पूर्ण द्या.”

“पूर्ण देतेय. दिला.”

“फुगा जोरात दाब.”

“दाबतोय, सर.”

आता प्रत्येक जण मोठ्याने, नीट बोलत होता आणि दुसरा ते परत म्हणून दाखवत होता. निळा आकडा एकाहत्तरवर होता. तिथून हलत नव्हता.

“तुम्ही हाक मारा,” सिस्टर लेकीला म्हणाली. “ओळखीच्या आवाजाला उठतात कधी कधी.”

लेक टेबलाजवळ गुडघ्यांवर बसली. आईचा हात मघासारखाच सैल होता, फक्त गार.

“आई. ऐकतेयस ना?”

फुगा दाबल्याचा आवाज आला. मग सुटल्याचा. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, तिघेही पारदर्शक मास्कखालच्या, कड्यामुळे उघड्या राहिलेल्या तोंडाकडे पाहत होते.

लेकीने कान मास्कला लावला.

“नुसतं हं म्हण,” ती म्हणाली. “कुठलंही चालेल.”