पाण्याची घंटा

पाणी प्यायची शेवटची घंटा झाली, तशी केतकीने सवयीने बाटली तोंडाला लावली, ओठ तेवढे ओले केले आणि बाकीचं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. आठवीच्या सगळ्याच मुली तसं करायच्या, म्हणून तर मनीप्लांट छताला टेकला होता!

शेजारची जागा मात्र रिकामी होती. ऋजुता दवाखान्यात तापाने फणफणत होती; जंतुसंसर्ग किडनीपर्यंत पोचला होता. "पाणी पीत नव्हतीस का गं?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने भेटायला आलेल्या केतकीकडे बघितलं होतं.

"घंटा काय शोभेला वाजवतो आपण?" त्या रिकाम्या जागेकडे बोट करत बाई कडाडल्या. "पाणी प्यायचाही कंटाळा!"

केतकी ताडकन उठली. "कंटाळा नाही, बाई. पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि मुलींच्या संडासाला कडीच नाही. मुलं दार ढकलून पळतात."

कुणीच हसलं नाही. मुलं माना खाली घालून बसली. बाईंनी टेबलावरची आपली बाटली हळूच पर्सआड सरकवली. सकाळपासून तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं.