चौथा शंख

भोक पाडायला म्हणून नजीरानं शंख उचलला, तर शंखानंच तिचं बोट धरलं.

ती ओरडली नाही. हात मात्र झटकला गेला. शंख परातीत पडून गरगर फिरला, थांबला, आणि त्याच्या तोंडातून बारक्या काड्यांवर बसवल्यासारखे दोन काळे डोळे हळूच बाहेर आले.

"अवो, हिकडं या," तिनं नवऱ्याला हाक मारली. "ह्यात कोनतरी ऱ्हातंय."

सिकंदर शेगडीपाशी पितळी तारेच्या सांगाड्याचे सांधे डाग देऊन जोडत बसला होता. तो उठून आला. दारात चहा पीत उभा असलेला पिराजीही वाकला. शंख त्यानंच आणला होता. पिराजी एस.टी.वर ड्रायव्हर. त्याची गाडी समुद्राकाठच्या एका गावात मुक्कामाला जायची. पहाटे वाळूत फिरून तो शंख-शिंपले गोळा करायचा आणि पिशवी कोल्हापुरात आणून द्यायचा. नजीरा ते घासून, भोकं पाडून तारेत ओवायची, सिकंदर सांगाडा करायचा. आत बल्ब लावला की घरात टांगायचा दिवा तयार. तिची अट एकच होती : लाटेनं टाकलेलं तेवढंच आणायचं, जित्याला हात लावायचा नाही.

"आईशप्पत, भाभी," पिराजी म्हणाला, "मला रिकामाच वाटला की."

दिवा करायला सांगितलेल्या हंबीररावांच्या नव्या घराची उद्या वास्तुशांत होती. त्यांच्या दिव्याला चार कोपरे, चार शंख, चारही एका मापाचे. तीन बसले होते. चौथा महिनाभर मिळत नव्हता, तो आज मिळाला, आणि त्यात हा.

"शेगडीवर धर जरा," सिकंदर म्हणाला. "चटका बसला की आपसूक भाईर येतंय."

"आन् मग जाईल कुठं?"

"खेकडा हाय त्यो, नजीरा. पावना न्हाय."

"त्याला सोताचं कवच नसतंय," पिराजी मधेच म्हणाला. "तिथलं कोळी सांगत हुतं. दुसऱ्यानं टाकलेल्या शंखात ऱ्हातोय. अंग वाढलं की नवा शंख बघतोय."

नजीरानं मान वर केली. "बघतोय? कसा बघतोय?"

"त्ये मी न्हाय बघितलं कधी."

झालं. बाईच्या डोक्यात किडा वळवळला. तिनं परातीत पाणी ओतलं, खडेमिठाचा डबा उघडला आणि थांबली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता.

"समुद्राचं पानी किती खारट असतंय वं?"

पिराजीनं विचार केला. "आमटीपरास जास्त. लोनच्यापरास कमी."

तिनं त्या अंदाजानं मीठ घातलं. मग घरातले होते नव्हते ते नऊ रिकामे शंख परातीत मांडले. चांगले चकचकीत पुढं, गबाळे मागं. तिघंही परातीभोवती उकिडवे बसले.

बराच वेळ काही झालं नाही. मग खेकडा चालू लागला, अंगावरचं घर ओढत. पहिल्या शंखाशी थांबला. तोंडावरून नांगी फिरवली, आत घातली, बाहेर काढली. शंख पालथा करून बघितला. सोडून दिला. दुसरा. तिसरा. सगळ्यात देखण्या गुलाबी शंखाला तर त्यानं नुसतं शिवून सोडलं.

"लईच शाणा हाय की," सिकंदर पुटपुटला. मागं शेगडी विझून गेली होती, त्याचं त्याला भान नव्हतं.

कडेला एक शंख होता, काळपट, ओठ झिजलेला. नजीरा तो टाकूनच देणार होती. खेकडा तिथं थांबला तो थांबलाच. चारदा आत नांगी घातली. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत तो जुन्यातून निघून नव्यात शिरला. मधल्या त्या क्षणात त्याचं मागचं अंग दिसलं. मऊ, वाकडं, तान्ह्या पोरासारखं उघडं.



"येवढं झ्याक सोडून त्यो गबाळा धरला?" सिकंदर म्हणाला.

"आपुन भाईरनं बघतो," नजीरा म्हणाली. "त्याला आत ऱ्हायाचं हाय."

पिराजीच्या जेवणाच्या डब्यात तिनं ओलं फडकं घातलं आणि खेकडा त्यात ठेवला. "सोडला की जरा थांबा. कुठल्या अंगाला जातोय बघा. पान्याकडं का वाळूकडं. आन् मला येऊन सांगा."

"भाभी, माझ्या गाडीचा टाइम असतोय सकाळी."

"येका मिन्टाचं काम हाय."

संध्याकाळी खेकड्यानं सोडलेला चौथा शंख दिव्याला लागला. हंबीरराव येऊन दिवा घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी पिराजी आला. पिशवी खाली ठेवायच्या आधीच नजीरानं विचारलं, "कुठल्या अंगाला?"

"पान्याकडं. पर सरळ न्हाय, तिरका. आन् दर दोन पावलांवर थांबून बसायचा." पिराजीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "गाडी चाळीस मिन्टं लेट निघाली, भाभी."

"अगं बया! पाशिंजर वरडली असतील की."

"कशाची वरडत्यात? समदी खाली उतरून वाळूत उभी हुती. कंडक्टर घंटी बडवून दमला, आन् मग त्योबी खाली आला. एक म्हातारी तर म्हनली, त्यो पान्यात जाईस्तवर मी काय गाडीत चढत न्हाय."