शुभ क्रियापद

“आई, छकुलीच्या रक्तातल्या पेशी वाढल्या,” लेकीच्या अलगीकरण कक्षातून बाहेर येत मी शक्य तितक्या स्थिर आवाजात सांगितले. बाकावर बसलेली आई हुंदके देऊ लागली.

आमच्या घरी बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. क्रियापद शुभ वापरल्याने काच सांधली जात नाही, हे जीवरसायनशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी आईला वारंवार समजावले होते. उपयोग झाला नव्हता.

“अगं, खरोखरच वाढल्या. तिच्या दादानं दिलेली अस्थिमज्जा तिच्यात रुजली. पोर वाचली आपली.”

“मग रुजली म्हणायचं ना रे, मेल्या!” डोळे पुसत आई ओरडली.

आयुष्यभर अशुभ शब्द टाळणाऱ्या स्त्रीने हा शब्द रुग्णालयात, तोही मोठ्याने उच्चारला. मी हरकत घेतली नाही.