उन्हाळी

मीनाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्याचं कळलं, तेव्हा ती कल्याणच्या हॉस्पिटलात खाटेवर बसून वेणी घालत होती.

"लघवी लाल कधीपासून होते?" डॉक्टर हेतलने विचारलं.

"ती व्हय? ती उन्हाळी. होळीपासून हाय."

"मग शहापूरच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. ते म्हणले, लघवीला काय त्रास? मी म्हटलं, नाय, उन्हाळी हाय नुसती. त्यांनी पंख्याकडं बघितलं. म्हणले, हो, यंदा फारच आहे."

आधी तिचा नवरा कमळाकर हसला, मग मीना. हेतल दोघांकडे बघत राहिली. ती घाटकोपरची. कमळाकरने तिला समजावलं, की त्यांच्या गावात, किन्हवलीत, लघवी जळजळली, लाल झाली, की उन्हाळी लागली म्हणतात. भर पावसातही उन्हाळीच. सब्जा भिजवायचा, धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. डॉक्टरकडे कोण जातं त्यासाठी?

मीनाने डॉक्टर वाटूनच घेतले होते. नाकात खपल्या धरायच्या, रक्त यायचं, ते वाशिंदच्या डॉक्टरकडे. त्यांनी सायनस सांगितला. खोकला शहापूरला. तिथे टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. नाकवाल्याला खोकला दाखवणं तिला बरं वाटायचं नाही. एकाच माणसाला किती राबवायचं, म्हणायची.

"तिन्ही मिळून एकच आजार आहे," हेतल म्हणाली. "अंगात रोगाशी लढणारी फौज असते. तीच उलटते आणि आपल्याच रक्ताच्या बारीक नळ्यांवर तुटून पडते. नाक, फुप्फुस, किडनी, सगळीकडे."

"म्हंजे घरचीच माणसं उठली," मीना कमळाकरकडे बघत म्हणाली. "सासरच झालं की."

सलाईन लावणारी नर्सही हसली. हेतल हसली नाही. "लघवी वेळेवर तपासली असती, तर लवकर कळलं असतं," ती हळूच म्हणाली.

ते वाक्य कमळाकरने धरून ठेवलं. एसटी स्टँडवर, भाताच्या गिरणीत, कुणी नाक चोंदून खोकताना दिसला, की तो सरळ विचारायचा, "उन्हाळी लागलीय काय रे?" पोरांनी त्याचं नाव उन्हाळीशेठ पाडलं. त्याला त्याचं काही नव्हतं. बाप्ये बिनदिक्कत सांगायचे, नको तेवढं सांगायचे. दोघं-तिघं तर खरंच बाटली घेऊन तपासायला गेले. त्यांचं काही निघालं नाही. कमळाकरने तरी त्यांना चहा पाजला.

परवा शेजारची सकुबाई कोयता मागायला आली. नाकपुडीशी रक्त सुकलेलं. पदरात खोकत होती.

"वयनी, उन्हाळी लागलीय काय?"

सकुबाई थबकली. मग तोंडाला पदर लावून हसली.

"काय पण इचारता भावजी. तुमी बाप्या मानूस. मीना जित्ती असती तर तिच्या कानात सांगितलं असतं."

ती कोयता घेऊन गेली. कमळाकर दारातच उभा राहिला.

सकुबाईला उन्हाळी आहे की नाही, ते कळायचं अजून राहिलं आहे.